मन आजारी आहे, हे ठरवायचं कसं? अपसामान्य मानसशास्त्राची तोंडओळख

१८५१ साली अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा मनोविकार जगापुढे मांडला. त्याला त्याने नाव दिलं ‘ड्रॅपेटोमेनिया’. हा विकार म्हणे गुलामांना होतो आणि त्याचं लक्षण एकच, मालकाकडून पळून जाण्याची अनावर इच्छा. तो होऊ नये म्हणून सुचवलेल्या उपायांत चाबकाचे फटकेही होते.

वाचून संताप येतो. पण कार्टराइट कुणी भोंदू नव्हता. तो शिकलेला, नावाजलेला डॉक्टर होता आणि त्याचं हे लेखन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. ज्याला गुलामगिरी ही निसर्गाची व्यवस्था वाटते, त्याला स्वातंत्र्याची ओढ हा बिघाड वाटणारच. या विषयाची ओळख करून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. इथला सगळ्यात अवघड प्रश्न या एका उदाहरणात लख्ख दिसतो: कुठलं वागणं आजाराचं आणि कुठलं नुसतंच वेगळं, हे ठरवणार कोण आणि कशाच्या आधारावर?

अपसामान्य मानसशास्त्र ही मानसशास्त्राची एक शाखा आहे. माणसाचे विचार, भावना किंवा वागणं इतकं बिघडतं की त्याला स्वतःला त्रास होतो आणि रोजचं जगणं अडतं, अशा अवस्थांचा ती अभ्यास करते. त्या ओळखायच्या कशा, त्या येतात कशामुळे आणि त्यांवर इलाज काय, हे तिचे तीन मोठे प्रश्न. नैराश्य, चिंतेचे विकार, मंत्रचळ (भीतीपोटी तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहणं), बायपोलर (उन्माद आणि नैराश्य यांची आवर्तनं), स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता (भास आणि भ्रम होणं), व्यसनं, खाण्यापिण्याचे विकार, व्यक्तिमत्त्वाचे विकार, असा तिचा पसारा मोठा आहे.

रेघ नेमकी कुठे मारायची?

जे क्वचित आढळतं ते अपसामान्य, ही कसोटी सगळ्यात सोपी वाटते आणि लगेच कोसळते. अफाट बुद्धिमत्ता क्वचितच आढळते, पण तिला कुणी आजार म्हणत नाही. उलट मनोविकार मुळीच दुर्मीळ नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ९७ कोटी माणसं कुठल्या ना कुठल्या मनोविकारासह जगत होती, म्हणजे दर आठ माणसांमागे एक.

मग समाजाला मान्य नसलेलं वागणं ते अपसामान्य म्हणावं, तर कार्टराइट आठवतो. आणि तो काही एकटा नव्हता. समलैंगिकता अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अधिकृत यादीत आजार म्हणून नोंदलेली होती. ती नोंद १९७३ साली काढली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ती जायला १९९० साल उजाडलं. तोपर्यंत किती माणसांवर नसलेल्या आजाराचे ‘उपचार’ झाले असतील, याचा विचार या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने करायला हवा.

त्यामुळे आज भर दोन गोष्टींवर असतो: त्या माणसाला होणारी यातना, आणि काम, शिक्षण, नाती, झोप, स्वतःची देखभाल यांत येणारा अडथळा. अर्थात यातनाही एकटी पुरत नाही. जवळचं माणूस गेल्यावर होणारं दुःख भयंकर असतं, पण तो आजार नव्हे. उलट बायपोलरच्या उन्मादाच्या टप्प्यात माणसाला स्वतःला अतिशय छान वाटत असतं. तो चार रात्री न झोपता मोठमोठे बेत आखतो, साठवलेला पैसा उधळतो, आणि यातना होते ती घरच्यांना. म्हणून लक्षणं किती दिवस आहेत, किती तीव्र आहेत, कुठल्या परिस्थितीत आली आणि त्या माणसाच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा ती किती वेगळी आहेत, हे सगळं एकत्र तोलावं लागतं. नैराश्याचं निदान करताना पाहतात तेही असंच. नऊ ठरावीक लक्षणांपैकी किमान पाच, सलग किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज दिसायला हवीत, आणि त्यांत उदास मनःस्थिती किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी असायलाच हवं. बाकीच्यांत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, हालचालींचा मंदपणा किंवा अस्वस्थता आणि मरणाचे विचार येतात.

धोका ही आणखी एक कसोटी सांगतात. तिच्याबद्दलचा गैरसमज मोठा आहे. मनोविकार असलेली बहुतेक माणसं हिंसक नसतात. त्यांनी इतरांना इजा करण्यापेक्षा इतरांकडून त्यांना इजा होण्याची शक्यता जास्त असते.

कारण बदललं की इलाज बदलतो

या विषयाचा इतिहास सनावळ्यांची जंत्री म्हणून वाचला तर कंटाळवाणा आहे. पण एक धागा हाती धरला की तो उलगडत जातो. माणूस असा का वागतोय, याचं जे उत्तर त्या काळाने दिलं, त्यावर त्याच्याशी कसं वागायचं हे ठरलं. भूत म्हटलं की मांत्रिक, पाप म्हटलं की शिक्षा, शरीराचा बिघाड म्हटला की औषध, आणि अनुभवाची जखम म्हटली की संवाद.

हजारो वर्षांपूर्वीच्या, मुद्दाम भोक पाडलेल्या कवट्या जगात बऱ्याच ठिकाणी सापडल्या आहेत. काहींमधलं हाड नंतर भरून आलेलं दिसतं, म्हणजे ती माणसं त्यातून वाचली होती. दुष्ट आत्म्याला वाट करून द्यायला हे भोक पाडत, असं पाठ्यपुस्तकांत सर्रास लिहिलेलं असतं. डोक्याला मार लागल्यावर केलेली ती शस्त्रक्रियाही असू शकते. मागे कुठलाही लेख नसताना फक्त हाडांवरून हेतू सांगणं धाडसाचं आहे.

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकात ग्रीसमध्ये हिप्पोक्रॅटिस आणि त्याच्या परंपरेतल्या वैद्यांनी ठामपणे सांगितलं की अपस्मार म्हणजे फेफरं हा देवाचा कोप नाही, त्याचं कारण मेंदूत आहे. शरीरातल्या चार द्रवांचा तोल गेला की मन बिघडतं आणि काळं पित्त वाढलं की माणूस विषण्ण होतो, असं ते मानत. चरकसंहितेतही उन्मादाचे वात, पित्त, कफ, सन्निपात (तिन्ही दोष मिळून) आणि आगंतू असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतले पहिले चार शरीरातल्या दोषांमुळे होणारे, तर पाचवा बाहेरून येणारा. ही कारणं आज टिकत नाहीत. तरीही मनाचा बिघाड शरीराशी जोडून पाहणं हे मोठं पाऊल होतं, कारण रुग्णाला दोषी ठरवण्याऐवजी त्याला आहार, विश्रांती, औषध द्यावं, असा अर्थ त्यातून निघत होता.

युरोपात पुढे बराच काळ चेटूक आणि सैतान यांचंच राज्य होतं. १५६३ साली योहान वायर या डॉक्टरने धीटपणे लिहिलं की चेटकिणी म्हणून ज्या बायकांना जाळलं जातंय, त्यांतल्या अनेक जणी मुळात आजारी आहेत. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. लंडनचं बेथलेम रुग्णालय १२४७ साली एक धार्मिक संस्था म्हणून सुरू झालं आणि पुढे मनोरुग्णांची जागा म्हणून ओळखलं जाऊ लागलं. अठराव्या शतकात तिथे लोक रुग्णांना ‘पाहायला’ येत. साखळदंडातली माणसं हा करमणुकीचा विषय होता, आणि हे येणं-जाणं १७७०च्या सुमारास आवरलं गेलं.

यानंतर येते पॅरिसची ती प्रसिद्ध गोष्ट: फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत फिलिप पिनेल या डॉक्टरने वेड्यांच्या बेड्या तोडल्या. तिच्यावर चित्रंही रंगवली गेली. पण बिसेत्र रुग्णालयातल्या बेड्या १७९७ साली प्रत्यक्षात काढल्या त्या झाँ-बातिस्त प्यूसाँने, आणि तेव्हा पिनेल दुसऱ्या रुग्णालयात गेलेला होता. प्यूसाँ डॉक्टर नव्हता. कातडी कमावण्याचा धंदा करणारा हा माणूस गंडमाळांवर उपचार घ्यायला त्याच रुग्णालयात आला, बरा झाला, तिथेच कामाला लागला आणि मनोरुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला. नोकरांनी रुग्णांना मारायचं नाही, हा त्याचा दंडक होता. पिनेल त्याच्याकडून शिकला आणि त्याचं श्रेय त्याने मोकळेपणाने त्याला दिलं. मला या इतिहासातलं हे पान फार महत्त्वाचं वाटतं. माणसाला माणसासारखं वागवलं तर तो सुधारतो, हे निरीक्षण रोज रुग्णांच्या सहवासात राहणाऱ्या माणसाचं होतं.

जवळपास त्याच वेळी, १७९६ मध्ये, इंग्लंडमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विल्यम ट्यूकने यॉर्कला असंच एक घर सुरू केलं. मोकळी हवा, काम, बाग, सौम्य बोलणं ही तिथली पद्धत. अमेरिकेत १८४०च्या दशकात डोरोथिया डिक्स हिने तुरुंगांत आणि गोठ्यांसारख्या जागांत डांबलेल्या मनोरुग्णांची हकिगत कायदेमंडळांपुढे मांडून नवी रुग्णालयं उभी करायला लावली. पण ही रुग्णालयं भरत गेली, माणसं वाढली, कर्मचारी अपुरे पडले, आणि काही दशकांतच त्यांचे पुन्हा कोंडवाडे झाले.

एक आजार, ज्याचं मूळ सापडलं

एकोणिसाव्या शतकातल्या वेड्यांच्या इस्पितळांत एक रुग्ण हमखास भेटे. बहुधा मध्यमवयीन पुरुष. आधी स्वभाव बदलायचा, मग ‘मी सम्राट आहे, माझ्याकडे अगणित संपत्ती आहे’ असे भ्रम सुरू व्हायचे. जीभ अडखळायची, चाल बिघडायची, स्मरणशक्ती जायची आणि काही वर्षांत लुळेपणा येऊन मृत्यू. १८२२ मध्ये आंत्वान बेल या तरुण फ्रेंच डॉक्टरने अशा रुग्णांची शवविच्छेदनं करून दाखवून दिलं की त्यांच्या मेंदूच्या आवरणांना सूज असते. वेड आणि मेंदूतला डोळ्यांना दिसणारा बदल यांची इतकी थेट सांगड तोवर पडली नव्हती.

हे कशामुळे होतं, यावर पुढे सत्तर-ऐंशी वर्षं वाद चालला. दारू, अतिश्रम, दुर्वर्तन, काय काय कारणं सांगितली गेली. यांतल्या बऱ्याच जणांना पूर्वी कधीतरी सिफिलिस म्हणजे उपदंश झालेला असतो, हे हळूहळू लक्षात येत गेलं. अखेर १९१३ मध्ये हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी अशा मृत रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू प्रत्यक्ष दाखवले. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या यूलियस वाग्नर-याउरेगने या रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण केली. तापाने उपदंशाचे जंतू मरतील आणि मग हिवताप क्विनीनने आवरता येईल, हा हिशेब. हा उपचार जिवावर बेतणारा होता, काही रुग्ण त्यात दगावले, पण बरेच सुधारलेही, आणि १९२७ साली त्याला नोबेल मिळालं. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि एके काळी इस्पितळं भरून टाकणारा हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

या विजयाने मनोविकारशास्त्राला एक स्वप्न दिलं: प्रत्येक विकाराचा असाच एखादा जंतू, असाच एखादा व्रण मेंदूत सापडेल. ते स्वप्न आजतागायत पुरं झालेलं नाही. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनियाचं निदान रक्ताच्या तपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने अजूनही होत नाही. ते होतं ऐकून, विचारून आणि पाहून. एका कारणाचा एक आजार ही कल्पना मनोविकारांच्या बाबतीत बहुतेक वेळा तोकडी पडते.

दरम्यान दुसरी वाट मनाच्या दिशेने जात होती. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्झ मेस्मर हा डॉक्टर पॅरिसमध्ये ‘प्राणिज चुंबकत्वा’ने, म्हणजे शरीरात वाहते असं तो मानत असलेल्या एका अदृश्य शक्तीने, लोकांना बरं करत होता. १७८४ मध्ये राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, हे चुंबकत्व अस्तित्वातच नसल्याचं दाखवून दिलं. फरक पडत होता तो रुग्णाच्या कल्पनेने. समितीच्या लेखी विषय तिथे संपला, पण नुसत्या कल्पनेने शरीरात इतका फरक पडतो, ही गोष्ट मागे उरलीच. शंभर वर्षांनी पॅरिसमध्येच झाँ-मार्तँ शार्को हा डॉक्टर संमोहनाने हिस्टेरियाच्या झटक्यांचा अभ्यास करत होता, आणि १८८५च्या हिवाळ्यात त्याच्याकडे शिकायला सिग्मंड फ्रॉइड आला. व्हिएन्नात फ्रॉइडचा ज्येष्ठ मित्र योझेफ ब्रॉयर याने त्याआधी एका तरुणीवर उपचार केले होते. तिचा हात लुळा पडायचा, मातृभाषा सुचेनाशी व्हायची, आणि मनातलं बोलून टाकलं की लक्षणं उतरायची. या उपचाराला ‘बोलण्याचा इलाज’ हे नाव तिनेच दिलं. ती पूर्ण बरी झाल्याचं जे लिहिलं गेलं ते खरं नव्हतं, कारण नंतर ती काही काळ रुग्णालयांत होती. पण पुढे तिने स्त्रियांच्या हक्कांसाठी आयुष्यभर मोठं काम केलं. फ्रॉइडचे बरेच सिद्धांत आज मागे पडले आहेत. मात्र लक्षणांना काही अर्थ असतो, रुग्णाचं ऐकून घेणं हाच उपचाराचा भाग असतो, ही देणगी राहिली.

निदानाची भाषा

जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिनने हजारो रुग्णांचा आजार वर्षानुवर्षं कसा वळण घेतो, याच्या नोंदी ठेवल्या आणि १८९९ मध्ये दोन मोठे गट वेगळे काढले. एकात आजार चढत जातो. दुसऱ्यात उन्माद आणि विषण्णता यांची आवर्तनं येतात, आणि मधल्या काळात माणूस बरा असतो. पहिल्याला १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलरने स्किझोफ्रेनिया म्हटलं. आजच्या वर्गीकरणाचा पाया तोच. सध्या दोन वर्गीकरणं वापरात आहेत. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचं डीएसएम, ज्याची पहिली आवृत्ती १९५२ची आणि पाचवी २०१३ची, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी, ज्याची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली.

१९७३ मध्ये डेव्हिड रोझेनहान या मानसशास्त्रज्ञाने एक खळबळजनक प्रयोग छापला. आठ निरोगी माणसं ‘आवाज ऐकू येतात’ असं खोटं सांगून मनोरुग्णालयांत गेली आणि त्या सगळ्यांना दाखल करून घेतलं गेलं, असा त्याचा दावा होता. त्याने निदानपद्धतीची झोप उडवली. पण या प्रयोगाच्या तपशिलांबद्दल २०१९ मध्ये गंभीर शंका पुढे आल्या आहेत, त्यामुळे तो पुरावा म्हणून वापरताना हात राखावा. निदान डॉक्टरागणिक बदलतं, ही तक्रार मात्र खरी होती. म्हणूनच १९८०च्या तिसऱ्या डीएसएममध्ये प्रत्येक विकाराची लक्षणं, त्यांची संख्या, मुदत असं सगळं नेमकेपणाने लिहिलं गेलं.

मग हे होतं कशामुळे?

एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता सुमारे एक टक्का. एका जुळ्याला तो असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता ४० ते ५० टक्क्यांच्या घरात जाते. आनुवंशिकतेचा वाटा किती मोठा आहे, हे यातून कळतं. आणि तेवढ्याने सगळं ठरत नाही हेही यातूनच कळतं, कारण जनुकं तीच असून निम्म्याहून अधिक जुळी त्यातून सुटतात. म्हणून आज बहुतेक तज्ज्ञ प्रवणता, म्हणजे आजाराकडे आधीपासून असलेला कल, आणि ताण यांचा मेळ मांडतात. ठिणगी एकच असली तरी वाळलेलं गवत पेटतं, ओलं पेटत नाही. प्रवणता जनुकांतून येते, गर्भावस्थेतल्या अडचणींतून येते, लहानपणच्या छळातून किंवा हेळसांडीतूनही येते. ताण गरिबीचा, हिंसेचा, विस्थापनाचा, एकटेपणाचा, नशेचा असू शकतो. ‘मेंदूत एक रसायन कमी पडलं’ हे उत्तर सांगायला सोयीचं असलं तरी अपुरं आहे. आणि ‘मन घट्ट कर’ हा सल्ला तर कारणाबद्दलचं सपशेल अज्ञान आहे.

इलाज

शरीराच्या बाजूने केलेल्या इलाजांचा इतिहास अंगावर काटा आणणारा आहे. १९३५ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझने मेंदूच्या पुढच्या भागाच्या जोडण्या तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि १९४९ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमनने डोळ्याच्या खोबणीतून टोकदार हत्यार आत घालून ती झटपट उरकण्याची पद्धत काढली. हजारो माणसं शांत झाली, पण त्यांतल्या अनेकांची उमेद, भावना, व्यक्तिमत्त्वच हरपलं. तेव्हा दुसरा इलाज नव्हता हे खरं. पण रुग्ण ‘शांत’ झाला म्हणजे बरा झाला असं मानणं ही त्या काळाची क्रूर चूक होती, आणि शांतपणाची ती मोजपट्टी अजूनही कुठे कुठे वापरली जाते.

औषधं बरीचशी योगायोगाने सापडली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात जॉन केड हा डॉक्टर गिनिपिगांना लिथियमचं क्षार टोचत होता. ते सुस्त झाले म्हणून त्याने उन्मादाच्या रुग्णांना लिथियम दिलं, आणि ते सुधारले. फ्रेंच नौदलातला शल्यविशारद आंरी लाबोरी शस्त्रक्रियेतला धक्का कमी करायला जे औषध वापरत होता, ते क्लोरप्रोमाझिन १९५२ मध्ये पॅरिसच्या डिले आणि डेनिकर यांनी मनोरुग्णांना दिलं, आणि भास-भ्रम ओसरू लागले. क्षयाच्या एका औषधाने रुग्ण भलतेच उत्साही होतात हे दिसलं, त्यातून नैराश्याच्या औषधांचा शोध पुढे गेला.

या औषधांमुळे आणि नव्या धोरणांमुळे मोठी रुग्णालयं रिकामी होऊ लागली. अमेरिकेत १९५५ मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती, ती संख्या पुढे झपाट्याने उतरली. इटलीने फ्रांको बझालियाच्या चळवळीनंतर १९७८ मध्ये कायदा करून मनोरुग्णालयं टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. जिथे वस्तीपातळीवर दवाखाने, घरं, काम यांची सोय झाली तिथे माणसं सन्मानाने जगू लागली. जिथे ती झाली नाही तिथे बरीचशी रस्त्यावर आणि तुरुंगात पोचली.

आज औषध सुरू करताना दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. नैराश्याच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि दुष्परिणाम मात्र पहिल्या दिवसापासून जाणवू शकतात. म्हणून बरेच जण आठवड्याभरात ती सोडून देतात. दुसरं, बरं वाटलं की एकदम गोळ्या बंद करू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवायची असते. लिथियम घेणाऱ्याने रक्तातलं त्याचं प्रमाण वेळोवेळी तपासून घ्यावंच लागतं, कारण उपकारक आणि विषारी मात्रा यांत फारसं अंतर नाही. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेला विजेचा झटका पूर्वी भूल न देता दिला जाई आणि त्यात हाडंसुद्धा मोडत. आता तो भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन दिला जातो. तीव्र नैराश्यात, विशेषतः जिवाला धोका असताना, तो फार प्रभावी ठरतो. काही काळ स्मरणावर त्याचा परिणाम होतो, ही त्याची खरी बाजू रुग्णाला आधी सांगायला हवी.

बोलण्याच्या उपचारांकडे वळू. १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी वर्षाच्याही आतल्या एका बाळाला पांढरा उंदीर दाखवून मागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणला. काही वेळा असं केल्यावर बाळ नुसत्या उंदरालाही घाबरू लागलं. भीती शिकवता येते हे सिद्ध झालं, आणि बाळाची भीती न घालवताच प्रयोग संपला. आज अशा प्रयोगाला परवानगी मिळणार नाही. चार वर्षांनी मेरी कव्हर जोन्स हिने उलटं करून दाखवलं. सशाला भिणारा पीटर नावाचा छोटा मुलगा आवडीचं खात असताना ससा रोज थोडा जवळ आणायचा, असं करत करत शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. भीती घालवण्याच्या आजच्या पद्धतींचं मूळ इथे आहे.

मंत्रचळावरचा उपचार जवळून पाहिला की हे तत्त्व कळतं. समजा, एका बाईला दाराच्या कडीला हात लागला तरी जंतू लागले असं वाटतं आणि ती दिवसातून तासन्‌तास हात धुते. हात धुतल्याने भीती क्षणभर उतरते, आणि त्या सुटकेमुळेच धुण्याची सवय पक्की होते. उपचारक तिच्यासोबत भीतीची उतरंड लिहून काढतो: स्वतःच्या घरातली कडी शंभरपैकी तीस, बाहेरच्या दाराची साठ, सार्वजनिक स्वच्छतागृहाची शंभर. सुरुवात तीसपासून. ती कडी धरते आणि हात न धुता बसते. भीती चढते, ‘आत्ताच्या आत्ता धुतलं नाही तर काहीतरी भयंकर होईल’ असं वाटतं. उपचारक धीर देतो, पण ‘काही होणार नाही’ अशी हमी मुद्दाम देत नाही, कारण हमी मागणं हाही त्या आजाराचाच भाग असतो. मिनिटं जातात तशी भीती बरेचदा आपोआप उतरू लागते. आणि ती पुरती उतरली नाही तरी भीतीसकट बसता येतं, मनातलं ते भयंकर काही घडत नाही, हे तिला अनुभवातून कळतं. दहा जणांनी समजावून जे पटलेलं नसतं, ते असं पटतं.

फिलाडेल्फियाच्या एरन बेक या मनोविकारतज्ज्ञाने १९६०च्या दशकात विचारांवर बोट ठेवलं. तो फ्रॉइडच्या परंपरेत शिकलेला. नैराश्य म्हणजे स्वतःकडे वळलेला राग, हे सिद्ध करायला त्याने रुग्णांची स्वप्नं तपासली, तर त्यांत रागापेक्षा हरल्याची, गमावल्याची भावनाच जास्त दिसली. नैराश्यात मनात आपोआप उमटणारे विचार एकाच दिशेने कललेले असतात, हे त्याने ओळखलं. या उपचारात रुग्ण वहीत रकाने पाडतो. घडलं काय: मैत्रिणीने फोन उचलला नाही. मनात आलं काय: तिला माझा कंटाळा आलाय. वाटलं काय: दुःख, ऐंशी टक्के. मग त्या विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा आणि त्यातून निघणारा तोललेला विचार. यात ‘सकारात्मक विचार करा’ असं कुठेही सांगितलेलं नसतं. विचार खरा आहे का, हे तपासायला शिकवलेलं असतं, आणि मैत्रीण खरंच दुरावलेली निघाली तर मग त्या दुःखावर काम होतं.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सल्ला न देता, न्यायनिवाडा न करता, मनापासून समजून घेण्यावर भर दिला. उपचार कुठल्याही पंथाचा असो, उपचारक आणि रुग्ण यांच्यातल्या विश्वासाचा परिणामावर मोठा प्रभाव पडतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अनेक विकारांत औषध आणि संवाद दोन्ही मिळून जास्त गुण येतो. स्किझोफ्रेनियात घरच्यांना आजार समजावून सांगितला, घरातली टीका आणि भांडणं कमी झाली, तर आजार उलटण्याचं प्रमाण घटतं.

पहिल्यांदा मदत घेताना आधी साध्या डॉक्टरांकडे गेलं तरी चालतं. थायरॉइड मंदावणं, ब-१२ जीवनसत्त्व कमी होणं, काही औषधांचे परिणाम यांमुळेही नैराश्यासारखी लक्षणं दिसतात, म्हणून शरीराची तपासणी आधी व्हावी. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधं लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्याचे उपचार करतात. पहिल्या भेटीत झोप, भूक, नशा, घरातल्या कुणाला असा त्रास होता का, आयुष्यात काय घडलं, हे सगळं विचारलं जातं, आणि मरणाचे विचार येतात का हेही विचारलं जातं.

तो शेवटचा प्रश्न घरच्यांनीही विचारावा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. उलट थेट विचारल्याने बहुतेकांना मोकळं वाटतं. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं स्पष्ट शब्दांत विचारावं, उत्तर मध्ये न तोडता ऐकावं, आणि ‘असं काय बोलतोस’ म्हणून ते परतवून लावू नये. कसं, कधी हे ठरवण्यापर्यंत विचार गेला असेल तर त्या माणसाला एकटं ठेवू नये, गोळ्या, कीटकनाशकं, दोर अशा गोष्टी त्याच्या हाताशी राहू देऊ नयेत आणि त्याच दिवशी त्याला सोबत घेऊन रुग्णालय गाठावं.